मांडी न घालता

सुमय्या म्हणाली, तीन गोष्टी करायच्या नाहीत, अम्मा:
खाली बसायचं नाही,
वाकायचं नाही,
पायावर पाय टाकायचा नाही.
पहिल्याच गोष्टीला मी हसले.
पन्नास वर्षं मी दुसरं केलंय काय?

नवव्या वर्षी मांडी घातली ती विडीपुढे.
फरशीवर मांडी, मांडीवर सूप,
पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा,
हजार झाल्या की उठायचं.
एकदा उठताना खुब्यात कट् झालं,
मला वाटलं, कात्रीच पडली.

आता पलंग आहे, भाड्याचा.
कुंभारीच्या घरकुलाच्या दारातून आत येईना
म्हणून चारी पाय काढून आणलेला.
गुडघ्यांमध्ये उशी, उशीला गुंडाळलेला टॉवेल
ह्यांच्या कारखान्यातला, डागी मालातला,
कडेला एक धागा चुकलेला.
मी दिवसभर तो धागा बघते.

चौदाव्या दिवशी टाके काढले.
डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला:
हाडांच्या धुक्यात पांढरं, गुळगुळीत काहीतरी.
हे वाकून बघत राहिले, मग म्हणाले,
धोटा आहे की हा.
डॉक्टरांना कळलं नाही.

पाणी चार दिवसांनी येतं.
नळ आधी खाकरतो, मग थुंकतो, मग वाहतो.
त्या आवाजाला माझा पाय अजून
पलंगाखाली उडी मारायला बघतो.
श्रीलता घागरी भरते, कळशी भलत्याच जागी ठेवते.
मी गप्प बसते.
गप्प बसणं हाही व्यायामच,
सकाळ-संध्याकाळ, दहा-दहा वेळा.

नरसव्वा भेटायला आली ती सूप घेऊनच.
माझ्यापुढे बसली, मांडी घालून, सहज,
मांजर बसावी तशी.
ती बोलत होती युनियनचं, नातीच्या साखरपुड्याचं,
मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते.
कुणाच्या दागिन्यांकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

भांड्याचं सांगायचं राहिलं.
पहिले दहा दिवस ते भांडं ह्यांनी नेलं.
लग्नाला एकेचाळीस वर्षं, स्वतःचं ताट उचललं नव्हतं.
भिंतीकडे तोंड करून मी म्हटलं, श्रीलताला बोलवा.
ऐकू आलं नाही.
मागांच्या खडखडाटात कान गेलेत ह्यांचे,
कधी कधी मुद्दामही जातात.

म्हणून रात्री दोरा.
माझ्या मनगटापासून खाली चटईवर
ह्यांच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत,
वीस नंबरचं सूत, दुहेरी.
लागली की ओढायचा.
हे उठतात, वॉकर पुढे करतात,
आधी तो, मग दुखरा, मग चांगला,
सुमय्याचं पाठ केलेलं म्हणत राहतात, मोठ्यानं,
साऱ्या बिल्डिंगला कळतं मी कुठं चाललेय.

काल सव्विसावी रात्र.
मी दोरा सोडला, पलंगाच्या दांडीला बांधला,
विडीची गाठ, एका बोटानं बसणारी.
उठले.
आधी तो, मग दुखरा, मग चांगला.
मोरीपर्यंत अकरा पावलं.
तिथं अंधारात उभी राहिले थोडा वेळ, काही काम नसताना,
नुसती उभी.
परत अकरा.

येऊन बघते तर हे उठून बसलेले,
अंगठ्याचा दोरा चिमटीत धरून.
हातानंच विचारलं, काय झालं? मी तर ओढला नव्हता.
तू झोपेत विड्या वळतेस, म्हणाले,
रात्रभर दोरा हलत असतो.
थांबला, म्हणून जाग आली.

मी पलंगाच्या कडेला बसले, नियमाप्रमाणे,
गुडघा खुब्याच्या खाली.
ह्यांनी उशी नीट केली, टॉवेल नीट केला,
दांडीवरची गाठ चाचपत सोडवली, वेळ लागला.
मी मनगट पुढे केलं.