कवळीवाल्याचं हेल्मेट

माझा धंदा कवळ्यांचा. कारमार्थनच्या मागच्या गल्लीत
सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचे दात बनवतोय
आणि त्रेपन्नाव्या वर्षी
मला वेगाचे दुधाचे दात आले.

येत्या शनिवारी ट्रॅक डे आहे.
समुद्राकडून वारा येतो त्या जुन्या धावपट्टीवर
आठला तपासणी, साडेआठला सूचना,
नऊला माझी लाल माझ्दा, वीस मिनिटं.
शर्यत नाही. कुणी वेळ मोजत नाही. नुसतं जाणं.

मेहुणा म्हणाला, नवं कशाला घेतोस, माझं ने.
ऱ्होद्रीचं हेल्मेट काळं, चकचकीत,
कानशिलावर ड्रॅगन, ऐटीत
बोहल्यावर चढायला निघाल्यासारखं.

एलुनेद प्रॉसर टायरच्या दुकानामागे हेल्मेटं विकते.
तिनं ड्रॅगनकडे पाहिलंच नाही.
बैलाचे दात बघावेत तसा सरळ आत हात घातला,
गालाची गादी उचकटून, अस्तर सारून
तळाशी चिकटलेला चिठोरा वाचला.
"एम. म्हणजे मोटरसायकलचं.
मोटरसायकलवाला फेकला जातो, तू आत राहतोस.
पिंजऱ्याच्या नळीवर डोकं
त्याच जागी पुन्हा आपटतं, पुन्हा.
आणि आग लागली तर हे अस्तर
तुझ्या बाजूचं नाही."
मग सहज विचारल्यासारखं,
"पडलं होतं का कधी?"

ऱ्होद्रीच्या गॅरेजमधली फळी मला आठवली.
म्हणालो, एकदाच.
"आतला फोमही एकदाच मरतो," ती म्हणाली,
"आणि मेल्याचं सांगत नाही."

शिर सलामत तर पगड्या पन्नास म्हणतात.
त्या दुकानात म्हण उलटी टांगलेली:
पगड्या पन्नास, फळीवर रांगेनं,
आणि शिर एकच,
तेही टक्कल पडलेलं, हातात टोपी घेऊन उभं.

तिनं फीत गुंडाळली, भुवयांच्या बोटभर वरून
मागच्या फुगवट्यापर्यंत. एकोणसाठ.
पहिलं हेल्मेट चढलं, गाल दाबले गेले,
तोंडाचा चंबू झाला.
"डोकं हलव."
हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी सरकली.
"असं हवं."
पट्टा आवळून तिनं मानेकडून वर रेटलं,
बरणीचं घट्ट झाकण काढावं तसं.
निघालं नाही. माझी मानच वाकली.

आणि मला सगळं ओळखीचं वाटायला लागलं.
चावा. पुन्हा चावा. आता बोला.
रोज हेच तर म्हणतो मी.
सैल कवळी चारचौघांत फजिती करते,
घट्ट कवळी एकांतात रडवते,
आणि वर्षाकाठी एक तरी येतो
वारलेल्या काकाची कवळी फडक्यात बांधून:
जरा घासून बसवून द्या, चांगली आहे अजून.
त्यांना मी हसत आलो.

"घरी अर्धा तास घालून बस. टीव्ही बघ.
मग आरशात बघ," एलुनेद म्हणाली.
नेरिस म्हणाली, आणि जेवायचं कसं?
उतरवलं तेव्हा कपाळाच्या मधोमध
नाण्याएवढा लाल डाग, आणि आत बारीक ठणका.

सोमवारी परत गेलो. तिला आश्चर्य नाही.
"तुझं डोकं लांबट," म्हणत
तिनं दुसरं खोकं उघडलं. नव्वद पौंड जास्त.
पांढरं, सोललेल्या अंड्यासारखं, चित्र नाही काही.
आत एसएचा चिठोरा, सालासकट,
दोन्ही बाजूंना मानेच्या आधाराच्या खुंट्या.
अर्धा तास तिथेच बसून राहिलो,
टायर बदलणारी पोरं बघत होती.
डाग नाही.

ऱ्होद्रीच्या हेल्मेटचा पट्टा
तिनं मला विचारून कात्रीनं कापला,
कुणी चुकून घालू नये म्हणून.
ऱ्होद्रीला विचारायचं राहिलं. तो अजून बोलत नाही.

ड्रॅगन आता माझ्या टेबलाखाली असतो.
त्यात मी प्लॅस्टरचे जबडे ठेवतो,
प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव,
एकाचं दुसऱ्याला न बसणारे.