ओलं बोट

पाळीवर मोहाचं झाड आहे,
त्याच्या पूर्वेकडच्या फांदीखाली रेंज मिळते.
दोन पावलं इकडंतिकडं झाली
की धडा नुसता गोल गोल फिरत राहतो.
म्हणून आमचा वर्ग तलावाकडे पाठ करून बसतो:
चार टॅबलेट, नऊ बाया,
आणि शिकवायला नेमलेली मी,
जिचं मानधन तीन महिन्यांपासून वाटेत आहे.

पुष्टकलाबाई मारबते जाळं सोडवून थेट येतात.
पडद्यावर बोट ठेवतात. काहीच उघडत नाही.
पुन्हा ठेवतात. मनगटावर एक खवला चिकटलेला.
"पान्यातल्या हाताले हे ओरखत नाई का वो, मॅडम?"
माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत
ओल्या बोटाविषयी काही लिहिलेलं नव्हतं.

आता प्रत्येकीच्या खांद्यावर एक सुकं फडकं असतं.
सचिव म्हणतात, टॅबलेटला मासळीचा वास येतो.
येतो.

धडा सातवा. रकाने, ओळी, बेरीज.
उदाहरणात सफरचंदं होती.
बाईंनी ती एकेक करून पुसली
आणि लिहिलं: मरळ. शिंगूर. बोटरी.
बोटरीखाली लाल नागमोडी रेघ उमटली.
"चुकलं?"
नाही, म्हटलं, त्याला ठाऊक नाही.
"मंग सांगा ना त्याले."
शब्दकोशात जोडा, असं एक बटण असतं.
इतक्या वर्षांत ते कुणी दाबताना
मी पहिल्यांदा पाहिलं.

बेरीज आली त्या सांजेला कोणी बोललं नाही.
आमच्या तागडीवरचे किलो एका रकान्यात,
व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्यांतले दुसऱ्यात,
तिसऱ्यात वजाबाकी:
दिवाळी ते होळी, एकशे सहा किलो.
पुष्टकलाबाईंनी त्या आकड्यावर बोट दाबून धरलं,
गढूळ पाण्यात हाताला लागलेला मासा धरावा तसं.
"हे काई परत पान्यात नाई गेलं," म्हणाल्या.

सकाळी गाडी आली.
व्यापाऱ्यानं आपला काटा टांगला.
नऊही जणी उभ्या,
टॅबलेट फडक्यात गुंडाळलेला, कुणी उघडलासुद्धा नाही.
"आज तागडी आमची लावा जी."
एवढंच.

तो हसला.
मग गाडीच्या सावलीत जाऊन
बराच वेळ फोनवर कुणाशी तरी
हातवारे करत बोलत राहिला.

तिथं रेंज नसते.
आम्हा दहाही जणींना ते माहीत होतं.