दोन शिलिंग रोज

शेरीफचा माणूस आला तेव्हा
वायमंड हौदात कोपरापर्यंत होता,
ओकच्या सालीच्या पाण्यात, गाईचं कातडं उलटत.
"गावानं तुला निवडलंय," तो म्हणाला.
निवडलंय कसलं, गळ्यात मारलंय.
धान्यवाल्या ओस्बर्टची ऐनवेळी पाठ धरली.
गॅमेलची बायको बाळंत व्हायची होती म्हणे,
सहावा महिना!

पळून जाऊ नये म्हणून दोन जामीन घेतले,
शेजारचा जॉर्डन आणि माझा भाऊ.
राजाला सल्ला द्यायला न्यायचा माणूस,
तोही जामिनावर, चोरासारखा.
मी चीज बांधून दिलं, जाड मोजे दिले.
डेव्हनहून वेस्टमिन्स्टर, सात दिवसांचा चिखल.

परत आला उवा घेऊन.
"काय बोललास?"
"बोलतो कुठला, हॅविस? ते बसलेले, आम्ही उभे.
त्यांची फ्रेंच डोक्यावरून गेली,
रानबदकांच्या थव्यासारखी.
शेवटी कुणीतरी म्हणालं, पंधरावा हिस्सा.
आम्ही माना हलवल्या."
माना हलवायचे दोन शिलिंग रोज!

दुसऱ्या खेपेला
मान हलवायला जरा उशीर केला.
एवढंच.
ठरवलं नव्हतं कुणी. लिंकनचा एक म्हातारा लोकरवाला
खोकायला लागला, थांबेचना,
त्याच्याकडे बघत सगळेच थांबले
आणि त्या थांबण्यात
समोरच्या बाकावरचा एक बिशप सरकला.
"सरकला गं तो," वायमंड सांगत राहिला रात्रभर,
जसं काही हौदातलं कातडंच हललं.

मग सहा वर्षं बोलावणं नाही.
लढाई झाली, मेंढ्या मेल्या,
आमची धाकटी गेली.

तिसऱ्या खेपेला चर्मपत्रावर लिहून नेलं:
पूल मोडलाय. शेरीफ कोंबड्या उचलतो.
बाजारातली वजनं खोटी आहेत.
आधी हे ऐका, मग पैशांचं बोलू.
ऐकलं का?
निम्मं. पूल अजून तसाच आहे,
परवाच त्यात जॉर्डनचं गाढव पडलं.
पण ते 'आधी' आणि ते 'मग'
त्या दगडी दालनात राहून गेले म्हणे,
आमच्या घरात कातड्याचा वास राहतो तसे,
कितीही घासलं तरी.

आणि गावानं मजुरी बुडवली.
एकेचाळीस दिवस. ब्याऐंशी शिलिंग.

काल, सेंट मायकेलच्या सणाला,
ओस्बर्ट दारात आला.
आता मेयर आहे तो, पाठ ताठ.
माझ्या बिअरच्या पिंपांवरचा कर हवा होता त्याला.
मी पिशवी कमरेलाच ठेवली,
त्याला बाक दाखवला, स्वतः उभी राहिले.
म्हटलं, बस.
आधी ब्याऐंशी शिलिंगांचं ऐक.
तो काही बोलेना. मीही बोलेना.
आत वायमंड खोकला,
थांबेचना,

आणि ओस्बर्ट, देवाशपथ सांगते,
बाकावर जरासा सरकला.