पाचवी लादी

ताई सुरतेहून निघाली. गाडी भुसावळला पहाटे.
तोवर अण्णांना ठेवायचं कसं,
वैशाखात, सावद्याला, पत्र्याच्या घरात?

फैजपूरच्या बर्फकारखान्यावर मीच गेले.
"लग्न का?" त्यानं भुसा झटकत विचारलं,
"पंगत केवढ्याची?"
मी म्हटलं, चार लाद्या द्या.
त्यानं पाचवी फुकट चढवली रिक्षात,
शुभकार्य म्हणून.

झिपरूकाका वखारीवरून आला.
बाभूळ ओली आहे, म्हणाला,
रॉकेल लागेल, आणि आता कुठं मिळतं रॉकेल,
आणि तिथंच खाली बसून रडला.
मडकं मिळालं. बांबू मिळाले.
सुतळी घरातच होती,
वाकलेल्या केळीला बांधायची,
अण्णांनीच नीट गुंडाळून खुंटीला लावलेली.

संध्याकाळपासून लाद्यांचं पाणी
ओट्यावरून गल्लीत उतरत होतं.
हिलालचं पोरगं त्यात अनवाणी उभं,
एकदा या पायावर, एकदा त्या.
कुणी हटकलं नाही.

तीनच्या सुमारास आई उठली,
ट्रंक उघडून दुलई काढली.
मी म्हटलं, आई, अगं...
"त्याह्यले गारठा सोसत नाई," ती म्हणाली.

मी दुसरं टोक धरलं.