खुडूक

जोतिबाची यात्रा उलटली आणि पत्रा बोलायला लागला.
अकराला टक्, बाराला टक् टक्,
मग बोलणंही बंद, नुसता तापत राहतो.
खाली माझ्या सात कोंबड्या
पंख अंगापासून सुटे धरून उभ्या,
चोची उघड्या,
गळ्याची कातडी लपलप लपलप.

"मरत्यात की वैनी," हलिमाचाची भिंतीवरनं म्हणाली,
"नुसतं पाणी ठेवून काय व्हतंय? त्येचा च्या झालाय."
बोट बुडवलं. खरंच चहा.

मग प्लॅस्टिकची वाटी गेली,
फुटक्या माठाचं बूड आलं.
त्यात चिमूटभर मीठ, सुपारीएवढा गूळ.
मळ्यातून पाचटाचे दोन भारे मागून आणले,
ऋणाली पत्र्यावर चढून पसरत होती
आणि मी खालून एकसारखी,
"खिळा बघ, खिळा बघ."
मावळतीच्या जाळीला ओलं गोणपाट.
नळ एक दिवसाआड,
म्हणून तांदळाचं धुवणसुद्धा गोणपाटालाच.
कलिंगडाचं लाल आम्हाला, पांढरं त्यांना.
भिंगरीनं तर मोरीच्या कडेला
पोटापुरता खड्डा उकरला
आणि चिखलात अशी पसरली
जशी माहेरी आलीय.

सगळ्या निवल्या. एक तांबडी सोडून.
ती खुडूक. अकरा अंडी पोटाखाली,
बारावा दिवस.
खोकं सावलीत सरकवलं तर फिसकारली,
पाणी तोंडाशी धरलं तर माझ्या मनगटावर चोच.
"मर मग," म्हणाले,
आणि दर अर्ध्या तासानं बघायला जात राहिले.

चारला हे आले. शिरोलीची फौंड्री, पहिली पाळी.
सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे.
हात-पाय न धुता तसेच खोक्यापुढं उकिडवे बसले.
बोटं पाण्यात बुडवून
तिच्या तुऱ्यावर एक थेंब सोडला.
थांबले. दुसरा.
ठिणग्यांचे काळे तीळ पडलेला तो हात,
त्याला तिनं चोच मारली नाही.
डोळे मिटले फक्त.
"हिला उठवू नगंस," म्हणाले, "पाय भिजव हिचं.
भट्टीपुढं उभारल्यावर कळतंय,
पायातनं उतरती आग."

वीस वर्षांत भट्टीबद्दल
एवढंच बोललेत.

रात्री लाइट गेली. दोनदा बॅटरी घेऊन बाहेर गेले,
मी झोपेचं सोंग घेतलं.
परत आडवे होताना अंधारात विचारलं,
"कोंबड्यांच्या पाण्यात काय घालतीस?"
"गूळ, मीठ."
बराच वेळ काही नाही.
"माझ्या बाटलीत बी घाल जरा."

सकाळी माठाच्या बुडात सुपारीएवढा,
बाटलीत लिंबाएवढा.
हलिमाचाची भिंतीवरनं बघत होती,
पहिल्यांदाच गप्प.
आणि तांबडी एकदाची उठली.
पाणी प्याली, ढीगभर हगली,
मातीत दोन हात मारले,
आणि कुणी बघतंय का ते बघून
परत अंड्यांवर.