वस्तीची गाडी

काउंटरवरची मुलगी दोन कागद पुढे करते.
निळा : नऊला होडीने किनाऱ्यावर, साडेपाचला परत जहाजावर.
पिवळा : रात्र पूर्णगडला, कुणाच्या तरी घरी,
उद्या जहाज गाठायचं जयगडला.
पिवळ्याचे माणशी साडेचार हजार जादा.

श्रीरंग चष्मा कपाळावर सरकवतो. "पंखा असेल का?"

बाबा वस्तीच्या गाडीवर कंडक्टर होते.
पूर्णगड, अकरा वर्षं.
आठला गाडी टेकायची, पावणेसहाला सुटायची,
मधली रात्र देवळाच्या ओसरीवर,
तिकिटांची पेटी उशाला.
तिथली कुत्री त्यांना नावानं ठाऊक,
कुणाचा दमा कुठल्या प्रहरी उसळतो तेही.
खाडीचं पाणी दुपारी कसं दिसतं
हे मी एकदा विचारलं,
तर म्हणाले, "असेल हिरवं."

मी निळ्यावर सही केली.
पंख्याचा प्रश्न मिटला.

हिरवं नव्हतं.
जांभ्याच्या पायऱ्यांवरून पाहिलं तर
कडेला कोऱ्या चहासारखं,
मध्ये उन्हानं पांढरं, बघवत नव्हतं.
ओसरी सापडली. फरशी नवी.
सावलीत एक कुत्रं झोपलेलं. हाक मारायला
माझ्याकडे नाव नव्हतं.

साडेपाच. होडी. डोकी मोजली.
आठला श्रीरंग जेवायला गेला, मी कठड्याशी.
नांगर अजून उचलायचा होता.
उतारावरून दोन दिवे खाली येत होते,
वळणावर विझायचे, पुन्हा लागायचे,
मग थांबले.
इंजिन बंद केलेलं
इतक्या लांब ऐकू येत नाही.