ठाण

बाबा हा शब्द दोन्हीकडे एकच.
बोटीतून उतरताना एवढाच त्यांना बदलावा लागला नाही.
बाकी सगळं बदललं,
थान खो-मिंगचे थानसाहेब झाले, मग दातवाले थान,
आणि भायखळ्याच्या पोस्टमनच्या तोंडी नुसते 'ठाणे'.
ठाण्याचे का हो तुम्ही?
बाबा म्हणत, होय. जवळचंच.

न त्यांच्या जिभेवर ठरत नसे, घसरून ल होई.
गिरणीतून सुजला गाल घेऊन आलेल्या माणसाला
चिमटा पाठीमागे लपवून सांगत,
'दुखलाल लाही.'
माणूस हसे, तोंड उघडं पडे,
तेवढ्यात दात बशीत.
आईने पंचवीस वर्षं घोकून घेतलं: नळ, नाक, नारळ.
ते म्हणत, लालळ.
शाळेत नारळ म्हणताना
आपलंच काहीतरी चुकतंय असं मला वाटायचं.

बासष्टच्या थंडीत पाटीवरचं 'चिनी' तेवढं
आईने चुना फासून झाकलं.
मग दर सोमवारी हजेरी.
इस्त्रीचा शर्ट, शिक्क्यांची वही, आणि सोबत मी,
कारण फौजदाराचं मराठी फार भरभर.
कुठे जाणार तर नाही ना, थान?
'लाही.'
बाराच्या ठोक्यापर्यंत आम्ही बाकावर.
काय ठाण मांडून बसलाय गं तुझा बाप, कावेरीकाकू म्हणाली होती.
रागाने की कौतुकाने, मला अजून ठरवता येत नाही.

हूपेला लिहिलेली पत्रं त्या वर्षांत परत यायची.
बाबा पाकीट कात्रीने नीट कापत,
स्वतःचंच पत्र खिडकीशी बसून सावकाश वाचत,
जसं काही त्यांच्या आईनेच लिहिलंय.
एखाद्या ओळीवर मान हलवत.
मग भात.
सरंग्याच्या गालातलं मांस दोन काड्यांनी अलगद उचलून
एक घास धाकट्याच्या ताटात, एक माझ्या.
आईला शेपटीकडचा तुकडा, तिला तोच आवडे.
स्वतः डोकं चोखत बसत.
दात चांगले आहेत माझे, म्हणत.

चांगले होते.
माझ्या पाचवीच्या फोटोत त्यांच्या हसण्यात डावीकडे सोनं आहे.
मी नर्सिंगला लागले त्या वर्षीच्या फोटोत तोंड मिटलेलं.
वयाने गंभीर झाले, असं मी किती वर्षं धरून चालले.
दवाखान्याचा तो आरसा, तो चिमटा, दार आतून बंद,
आणि समोर धीर द्यायला कुणी नाही.

शेवटच्या रात्री वॉर्डात ड्यूटी माझीच होती.
सुई टोचताना कानाशी वाकून म्हटलं,
त्यांच्याच उच्चारात,
बाबा, दुखलाल लाही.
त्यांनी डोळे उघडले.
'नाही,' म्हणाले.
स्वच्छ न. आयुष्यात पहिल्यांदा.
माझा उच्चार सुधारला, की उत्तर दिलं,
विचारायला वेळ मिळाला नाही.

परवा धाकू मिराशी जिना चढून आले.
साच्याखात्यातले, आता नव्वदीचे.
थान आहेत का?
नाहीत म्हटल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली, जरा बसले,
मग संकोचून कवळी काढून रुमालावर ठेवली.
चाळीस वर्षांत काही त्रास नाही हो,
आता एका जागी टोचते. हिरडीच आटली माझी.

उजेडात धरली.
आतल्या गुलाबी अंगाला, टाळूला टेकते तिथे,
सुईने कोरलेलं एक बारीक अक्षर.
मला ते वाचता येत नाही.
तुम्हाला माहीत होतं हे?
धाकूअण्णांनी बोळक्या तोंडाने सांगितलं,
जिभेला माहीत होतं.

फडताळातून बाबांची कानस काढली.
कड घासत बसले,
अक्षराला धक्का न लावता.